पाणी कोठे मुरते? : विद्युत् निरोधनाचा इतिहास आणि मालवणचा किनारा

१. विषयप्रवेश

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ अरबी समुद्रातून उत्तरेकडे सरकत असता सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्याला त्याचा जबर तडाखा बसला. विजेचे खांब मोडले, तारा तुटल्या आणि किनाऱ्यावरील पुष्कळ गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. त्यापूर्वी ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने रायगडच्या किनाऱ्यावर असाच प्रसंग आणला होता. या लागोपाठच्या आपत्तींमुळे कोकण किनारपट्टीवरील वीजवाहिन्या जमिनीखालून नेण्याच्या विचाराला साहजिकच बळ मिळाले. वादळ ज्या तारेला तोडते ती तारच डोळ्यांआड करावी, हा उपाय सर्वसामान्य बुद्धीला पटणारा आहे.

तथापि, तार जमिनीखाली गेली म्हणजे ती वाऱ्याच्या तावडीतून सुटते आणि पाण्याच्या स्वाधीन होते, ही गोष्ट विसरता येत नाही. मालवण तालुक्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तारकर्ली-देवबागसारख्या ठिकाणी एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस कर्ली नदीची खाडी असून मधल्या वाळूत थोडे खणले तरी पाणी लागते. अशा भूमीत पुरलेल्या तारेचे आयुष्य तिच्या भोवतीच्या आवरणावर अवलंबून असते. हे आवरण आज बहुधा बहुवारिक पदार्थाचे, म्हणजे एकाच नमुन्याच्या असंख्य लहान रेणूंची लांब साखळी बनून झालेल्या पदार्थाचे असते. पाणी या आवरणाचे नेमके काय करते, या प्रश्नाचे उत्तर मिळावयास सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला. त्या शोधाचा इतिहास हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

प्रारंभीच शब्दांचा थोडा विचार करणे इष्ट होईल. कारण या इतिहासातील बहुतेक फसगत एकाच शब्दाने अनेक गोष्टी व्यक्त करण्याच्या सवयीतून झालेली आहे. ‘जलरोधक’ हा तो शब्द होय. कोकणातील बोलण्यात मात्र पाण्याच्या व्यापाराला वेगवेगळी क्रियापदे आहेत. अंगणातील पायरी भिजते, म्हणजे तिचा पृष्ठभाग ओला होतो. डब्यातील पापड सादळतो, म्हणजे पाण्याचा थेंबही न लागता तो हवेतील ओल अंगात घेऊन नरम पडतो. कौलातून पाणी झिरपते, म्हणजे एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूस निघते. आणि जांभ्या दगडाच्या जमिनीत पाणी मुरते, म्हणजे ते आत गेले हे ठाऊक असते, परंतु कोठे साठले आणि केव्हा वर येईल हे दिसत नाही. निरोधक आवरणाच्या बाबतीत या चारही क्रिया घडतात. प्रत्येकीचे कारण निराळे, परिणाम निराळा आणि उपायही निराळा. एका काळातील तंत्रज्ञांनी एका क्रियेचा बंदोबस्त केला आणि आपण पाण्याला जिंकले असे मानले. पुढील काळात दुसऱ्या क्रियेने त्यांना गाठले. या दृष्टीने पाहिले असता निरोधनाच्या इतिहासाचे चार टप्पे स्पष्ट दिसून येतात.

२. चिकाचे युग : झिरपण्याचा प्रश्न

फणस कापताना हाताला लागलेला चीक पाण्याने जात नाही. त्यासाठी आधी खोबरेल चोळावे लागते, हे कोकणातील प्रत्येक घरात माहीत असते. झाडातून निघताना हा चीक पाण्यातच मिसळलेला असतो. पण एकदा सुकला की तो पाण्याला दाद देत नाही. रबर व गटापर्चा हे दोन्ही पदार्थ अशाच चिकापासून मिळतात. गटापर्चा या नावातील ‘गेटा’ हा मलाय शब्द असून त्याचा अर्थ चीक असाच आहे. ज्या वृक्षांपासून तो मिळतो ते आपल्याकडील बकुळ व चिकू यांच्याच कुळातील होत. रसायनदृष्ट्या रबर आणि गटापर्चा यांचे घटक एकच. साखळीतील दुव्यांची मांडणी तेवढी वेगळी. त्या भेदामुळे रबर लवचिक राहते, तर गटापर्चा थंड असता टणक व गरम केला असता मऊ होतो आणि तारेवर सहज चढविता येतो.

गटापर्चा युरोपात पोहोचण्यापूर्वीच हिंदुस्थानात पाण्याखालून विजेचे संदेश पाठविण्याचा प्रयत्न झाला होता. कलकत्त्यास डॉ. विल्यम ब्रुक ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये हुगळी नदीत तार टाकून प्रयोग केले. तारेला डांबर फासून ती चिरलेल्या वेतात बसवावयाची आणि वर डांबरात भिजविलेला दोर गुंडाळावयाचा, अशी त्यांची युक्ती होती. नावेच्या फटी बुजविणाऱ्या कारागिराला ही युक्ती अपरिचित वाटली नसती. झिरपणाऱ्या पाण्याला वाट मिळू नये, एवढाच तिचा हेतू होता.

१८४३ मध्ये सिंगापूरकडून गटापर्च्याचे नमुने लंडनला गेले. १८४७ मध्ये वेर्नर सीमेन्स यांनी तारेवर तो दाबून चढविण्याचे यंत्र तयार केले आणि १८४८ मध्ये मायकेल फॅरडे यांनी त्याच्या निरोधक गुणाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. १८५१ मध्ये इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील खाडीतून टाकलेली तार यशस्वी झाली. परंतु त्यानंतरच्या मोठ्या योजनांना अपयशाचा सामना करावा लागला. १८५८ ची अटलांटिकची तार काही आठवड्यांतच मुकी झाली. गटापर्च्याचा थर सर्वत्र सारखा नव्हता, काही ठिकाणी तार मध्यभागापासून सरकलेली होती, आणि संदेश नीट जात नाहीत म्हणून विद्युत् दाब बेसुमार वाढविण्यात आला. तांबड्या समुद्रातून एडनमार्गे कराचीकडे आणलेली १८५९-६० मधील तारही लवकरच निकामी झाली. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या चौकशी समितीने १८६१ मध्ये आपला विस्तृत अहवाल दिला आणि तेथून पुढे आवरणाची परीक्षा हे एक शास्त्र बनले. तयार केलेली तार पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवावयाची, ठरावीक तापमानाला तिचा रोध मोजावयाचा आणि मगच ती जहाजावर चढवावयाची, ही शिस्त रुजली. १८६४ मध्ये इराणच्या आखातातील तार आणि १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजाने टाकलेली मुंबई-एडन तार ही या शिस्तीची फळे होत. मालवणच्या किनाऱ्याला भिडणाऱ्या अरबी समुद्राच्या तळाशी याप्रमाणे १८७० मध्येच बहुवारिक आवरणाची तार येऊन राहिली होती. मात्र तिच्यावरील बहुवारिक निसर्गाने बनविलेला होता.

या टप्प्यातील सर्वांत बोधप्रद गोष्ट अशी की, गटापर्चा पाण्यात टिकला आणि हवेत नासला. समुद्रतळाशी थंडी असते, दाब असतो, उजेड नसतो आणि प्राणवायू अल्प असतो. तेथे गटापर्च्याचे आवरण कित्येक दशके शाबूत राहत असे. तेच आवरण जमिनीवर उन्हात व उघड्या हवेत ठेवले असता प्राणवायूशी संयोग पावून ठिसूळ होई, त्याला चिरा पडत आणि मग त्या चिरांतून ओल आत जाई. म्हणजे ज्या पदार्थाचा शत्रू म्हणून पाण्याकडे बोट दाखविले जात होते, त्या पदार्थाचे पाणी हे एक प्रकारे रक्षक होते. सरळ अर्थाने ‘पाणी निरोधनाचा नाश करते’ हे विधान इतिहासाच्या पहिल्याच प्रकरणात खोटे ठरले. हवा वाट करून देते आणि पाणी त्या वाटेने जाते, हे त्याहून अधिक खरे होते.

३. कागद व शिसे : सादळण्याचा प्रश्न

प्रकाशासाठी व यंत्रांसाठी वीज वापरली जाऊ लागली तेव्हा तारेवरील दाब तारायंत्राच्या तुलनेने कितीतरी पटींनी वाढला. १८९० च्या सुमारास लंडनमध्ये फेरांती यांनी १०,००० व्होल्टच्या वाहिनीसाठी मेणात भिजविलेला कागद वापरला आणि पुढील पाऊण शतक जमिनीखालील उच्च दाबाच्या वाहिन्यांवर कागदाचेच राज्य चालले. कागद हाही एक बहुवारिकच. वनस्पतींतील सेल्युलोजच्या साखळ्यांचा बनलेला. कोरडा व तेलाने भरलेला असेल तर त्याच्यासारखा विश्वासू निरोधक नाही. पण त्याच्याइतका तहानलेलाही कोणी नाही. उघडा राहिलेला कागद हवेतील ओल काही तासांत ओढून घेतो. ही सादळण्याची क्रिया होय. पाण्याचे रेणू सेल्युलोजच्या साखळ्यांना बिलगतात, आयनांना हालचाल करावयास जागा देतात, तारेतून निसटणारा प्रवाह वाढतो, त्यामुळे उष्णता वाढते, आणि उष्णता व पाणी यांच्या संगतीने साखळीच तुटू लागते. या शेवटच्या क्रियेला जलीय विच्छेदन म्हणतात. तिच्यामुळे झालेली हानी कागद पुन्हा वाळविला तरी भरून येत नाही.

यावर उपाय एकच होता : कागदाभोवती शिशाची अखंड नळी चढविणे. धातूच्या अखंड कवचातून पाण्याची वाफही जात नाही. मालवणच्या समोर कुरटे बेटावर सतराव्या शतकात सिंधुदुर्ग उभारताना पायाच्या दगडांत शिसे ओतल्याचे परंपरेने सांगितले जाते. खाऱ्या पाण्यात शिशाचा टिकाऊपणा जुन्या कारागिरांना ठाऊक होता, असे त्यावरून म्हणता येईल. विसाव्या शतकातील वीजवाहिनीला त्याच धातूने ओलीपासून संरक्षण दिले.

परंतु नळी अखंड असली तरी वाहिनी अखंड नसते. दर काही अंतरावर जोड द्यावा लागतो आणि तेथे कागद उघडा पडतो. म्हणून जोड देणारा कारागीर काम सुरू करण्यापूर्वी कागदाची एक पट्टी काढून तापलेल्या तेलात सोडून पाही. फोडणीत ओली पाने टाकली असता जसा तडतड आवाज होतो तसा आवाज आला किंवा बुडबुडे उठले, म्हणजे कागदात ओल आहे असे समजावयाचे आणि तितका भाग कापून टाकावयाचा. या साध्या परीक्षेत एक मोठे शहाणपण साठलेले होते. ओल डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा तिला बोलते करावे लागते, हे तिने कारागिरांच्या पिढ्यांना शिकविले. पुढच्या काळात हे शहाणपण काही वर्षे विसरले गेले.

घराच्या आतील तारांचा इतिहास याच काळातला. गंधकाने पक्क्या केलेल्या रबराचे आवरण, त्यावर सुताची वीण आणि ती तार बसविण्यासाठी लाकडी पट्टी, हा जुन्या घरांतील सर्वत्र आढळणारा प्रकार होता. कोरड्या प्रदेशात तो पुष्कळ वर्षे टिके. किनाऱ्यावरील घरात मात्र भिंतीला लोणा लागलेला, सूत ओल धरणारे, लाकूड सादळणारे आणि रबर उष्णतेने व हवेने चिरा पडत चाललेले, अशी स्थिती असे. पावसाळ्यात बटणाला हात लावताच झिणझिण्या येणे ही मग नित्याची तक्रार होई. बटणे व धारक ज्या तपकिरी पदार्थाचे असत तो बेकलाइट हा १९०७ मध्ये लिओ बेकलंड यांनी सिद्ध केलेला पहिला पूर्ण कृत्रिम बहुवारिक. तो स्वतः पाण्याला फारशी दाद देत नाही. पण बळकटीसाठी त्यात लाकडाचा भुसा मिसळत, आणि भुसा ओल धरतो. शिवाय त्याच्या पृष्ठभागावर ओल व धूळ साठून बारीक ठिणग्या उडू लागल्या की तो जळून कोळशाची रेघ उमटते. कोळसा विजेचा वाहक असल्याने ती रेघ उत्तरोत्तर लांबत जाते आणि निरोधकाच्याच अंगावर प्रवाहाला रस्ता मिळतो. येथे भिजणे आणि सादळणे या दोन क्रिया एकमेकींना साह्य करतात.

४. पॉलिथिनचे युग : मुरण्याचा प्रश्न

२७ मार्च १९३३ रोजी इंग्लंडमधील इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या विनिंग्टन येथील प्रयोगशाळेत एरिक फॉसेट व रेजिनल्ड गिब्सन यांना अतिदाबाच्या प्रयोगानंतर पात्राच्या तळाशी मेणासारखा पांढरा पदार्थ आढळला. तोच पॉलिथिन. सप्टेंबर १९३९ मध्ये, म्हणजे महायुद्धाच्या तोंडावर, त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले आणि रडारच्या तारांसाठी त्याचा उपयोग झाला. १९५६ मध्ये अटलांटिकच्या तळातून टाकलेल्या पहिल्या दूरध्वनी-वाहिनीवर गटापर्च्याऐवजी पॉलिथिन आले. चिकाचे युग संपले.

पॉलिथिनची साखळी केवळ कार्बन व हायड्रोजन यांची असते. पाण्याला बिलगावयास तीत जागा नाही. पूर्ण संपृक्त होईपर्यंत पाण्यात ठेवले तरी वजनाच्या मानाने एका टक्क्याचा शंभरावा भाग, अथवा त्याच्या आसपास, एवढेच पाणी ते घेते. जलीय विच्छेदनाने तुटेल असा दुवाही त्यात नाही. या बाबतीत कृत्रिम बहुवारिकांतील भेद मालवणच्या कोळ्यांना अनुभवाने परिचित आहे. पूर्वीची तागाची वा सुताची जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात भिजवून, वाळवून, जपावी लागत. नायलॉनच्या जाळ्याने ती कटकट संपविली, कारण ते कुजत नाही. पण नायलॉन पाणी मात्र पिते. त्याच्या साखळीतील काही गट पाण्याला ओढून घेतात आणि भिजलेल्या नायलॉनचे बळ कोरड्याहून काहीसे कमी भरते. उलट पॉलिथिनचा दोर पाण्यावर तरंगतो आणि आत कोरडाच राहतो. कुजणे वेगळे आणि पाणी पिणे वेगळे. पॉलिथिन या दोन्ही दोषांतून मुक्त असल्यामुळे, पाण्याचा प्रश्न कायमचा सुटला असे तंत्रज्ञांनी समजावे, यात नवल नव्हते.

१९६३ मध्ये अमेरिकेत पॉलिथिनच्या साखळ्या एकमेकींना आडव्या दुव्यांनी जोडून उष्णतेने न वितळणारा प्रकार तयार करण्यात आला. हाच आज ‘क्रॉसलिंक्ड’ पॉलिथिन म्हणून सर्वत्र वापरला जातो. जो पदार्थ पाणी घेतच नाही त्याला शिशाचे जड व महाग कवच कशासाठी, असा सरळ प्रश्न विचारला गेला आणि अनेक देशांत तशाच उघड्या वाहिन्या ओल्या जमिनीत पुरण्यात आल्या. तीस-चाळीस वर्षांच्या भरवशाने पुरलेल्या या वाहिन्या काही ठिकाणी दहा वर्षांच्या आतच फुटू लागल्या.

१९६९ मध्ये जपानी संशोधक मियाशिता यांनी अमेरिकेतील परिषदेत एक निबंध सादर केला. पाण्यात बुडालेल्या, पॉलिथिनचे आवरण असलेल्या तारा दाबाखाली राहिल्या असता आवरणात झाडाच्या आकाराची विकृती वाढते, असे त्यांनी दाखविले. पुढील दोन-चार वर्षांत अमेरिकेतील जमिनीतून उकरून काढलेल्या वाहिन्यांतही तीच आकृती सापडली. तिला ‘पाण्याचे झाड’ असे नाव पडले. मराठीत ‘जलवृक्ष’ म्हणावयास हरकत नाही. काही जलवृक्ष आवरणाच्या पृष्ठभागापासून आत वाढतात. काही आवरणाच्या पोटातील एखाद्या कणापासून दोन्ही दिशांना पसरून गळ्यातील ‘बो’ सारखे दिसतात.

जलवृक्षाची उपपत्ती अशी आहे. पॉलिथिन पाणी साठवीत नसले तरी पाण्याच्या वाफेला ते पूर्ण अडवीतही नाही. काही महिन्यांच्या अवधीत ओल सावकाश आवरणाच्या अंतर्भागापर्यंत पसरते. आवरणात सूक्ष्म पोकळ्या, मातीचे कण, क्षार, अर्धवाहक थरावरील खडबडीत टोके, असे दोष असतातच. अशा ठिकाणी विद्युत् क्षेत्र तीव्र होते. पाण्याचा विद्युत् अपार्यता स्थिरांक सुमारे ८०, तर पॉलिथिनचा २.३, त्यामुळे तीव्र क्षेत्र पाण्याच्या रेणूंना आपल्याकडे खेचते. वाहिनीतील दाब सेकंदाला पन्नास आवर्तने करीत असल्याने तेथील पदार्थावर ताण सारखा येत-जात राहतो, आयनांच्या उपस्थितीत साखळ्यांशी प्राणवायूचा संयोग होतो, आणि जी साखळी पाण्याला पारखी होती तिच्यावर पाण्याला बिलगण्याजोगे गट निर्माण होतात. मग तेथे आणखी पाणी जमते आणि वाट पुढे सरकते. एक मायक्रॉनच्या आगेमागे आकाराच्या असंख्य पोकळ्यांची ही माळ क्षेत्राच्या दिशेने वर्षानुवर्षे वाढत राहते. कोरड्या पॉलिथिनला फोडावयास जितका दाब लागतो त्याच्या अल्प अंशावरही ही वाढ चालते.

या व्याधीची लक्षणे विलक्षण आहेत. जलवृक्ष पूर्ण आवरण ओलांडून पलीकडे गेला तरी वाहिनी ताबडतोब बंद पडेलच असे नाही. तिची सहनशक्ती मात्र उतरत जाते आणि वीज कोसळणे, स्विच उघडझाक होणे अशा क्षणिक उच्च दाबाच्या वेळी त्या जागेतून खरी ठिणगी पडून वाहिनी फुटते. आवरणाचा तुकडा वाळविला तर जलवृक्ष दिसेनासा होतो. कढत पाण्यात ठेवला तर तेथेच पुन्हा उमटतो. म्हणून अभ्यासक त्याला मिथिलीन ब्लू या रंगाने रंगवून कायम करतात. झाड नाहीसे झाले तरी त्याची वाट राहते.

‘कोठेतरी पाणी मुरते आहे’ हा मराठी वाक्प्रचार वरवर सर्व सुरळीत असताना आतून काही बिघडत असल्याचा संशय व्यक्त करतो. जलवृक्षाचे याहून नेमके वर्णन करणे कठीण आहे. येथे पाणी भिजवीत नाही, कारण पृष्ठभागाचा प्रश्न नाही. सादळवीत नाही, कारण पदार्थ नरम पडत नाही. झिरपतही नाही, कारण पलीकडे थेंब निघत नाही. ते मुरते. ‘जलरोधक’ या शब्दाने पहिल्या तीन क्रियांचे आश्वासन मिळाले होते आणि ते खोटेही नव्हते. चौथ्या क्रियेची कोणी चौकशीच केली नव्हती.

या अनुभवाने वाहिन्यांची घडणच बदलली. पूर्वी आडवे दुवे बांधण्यासाठी वाफेचा उपयोग करीत, त्यामुळे जन्मतःच आवरणात पाण्याने भरलेल्या सूक्ष्म पोकळ्या राहत; तिच्याऐवजी तप्त नायट्रोजनमध्ये कोरडी प्रक्रिया आली. आतील अर्धवाहक थर, निरोधक थर व बाहेरील अर्धवाहक थर एकाच वेळी चढवून सांध्यांतील खडबडीतपणा दूर करण्यात आला. १९८० नंतरच्या काळात जलवृक्षांची वाढ मंद करणारी विशेष पॉलिथिने निघाली, पाणी लागताच फुगून वाट बंद करणाऱ्या फिती घालण्यात येऊ लागल्या, आणि अति उच्च दाबासाठी धातूचे अखंड कवच परत आले. शिसे अगदीच अनाठायी नव्हते, हे मान्य करावे लागले.

५. मालवणच्या किनाऱ्यावर

वरील विवेचन ध्यानी घेतले म्हणजे मालवणच्या किनाऱ्यावर पाणी व वीज यांचा संबंध दोन ठिकाणी निरनिराळ्या रीतीने येतो असे दिसते : खांबावर आणि जमिनीत.

खांबावरील प्रश्न भिजण्याचा आहे. पण तो पावसाचा नसून मिठाचा आहे. दसऱ्यानंतर पाऊस ओसरला की समुद्रावरून येणारा वारा निरोधकांवर मिठाचा बारीक थर चढवू लागतो आणि मेअखेर तो चांगलाच साचतो. स्वयंपाकघरातील मिठाच्या बरणीला दमट दिवसांत पाणी सुटते; त्याचे कारण असे की हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली म्हणजे मीठ हवेतील वाफ ओढून स्वतःच विरघळते. समुद्री मिठातील मॅग्नेशियमचे क्षार तर त्याहून कमी आर्द्रतेतही पाणी धरतात. हीच क्रिया खांबावर घडते. पहाटेच्या दंवात किंवा मृगाच्या पहिल्या भुरभुरीत तो थर ओला होऊन वाहक बनतो, पृष्ठभागावरून प्रवाह वाहू लागतो, मधले काही भाग तापून कोरडे पडतात, त्यांवरून ठिणग्या झेपावतात आणि पुरवठा तुटतो. पुढे मुसळधार पाऊस मीठ धुऊन नेतो आणि हे संकट ओसरते. ‘पहिला पाऊस आला की वीज जाते’ या सार्वत्रिक तक्रारीमागे इतर कारणांबरोबर हेही एक कारण आहे.

चिनी मातीच्या निरोधकांऐवजी सिलिकोन रबराचे निरोधक वापरण्यात जो लाभ आहे तो येथेच. अळवाच्या पानाप्रमाणे त्यावर पाण्याचे सुटे थेंब राहतात, सलग थर होत नाही. इतकेच नव्हे, तर सिलिकोनमधील लहान रेणू बाहेर येऊन साचलेल्या मिठाच्या थरालाही तोच गुण देतात. मात्र ठिणग्यांचा मारा सतत झाला तर हा गुण काही काळ नाहीसा होतो आणि परत येण्यास कोरड्या विश्रांतीची आवश्यकता असते. जुलै महिन्यात किनाऱ्यावर अशी विश्रांती क्वचितच मिळते. म्हणून बहुवारिक निरोधक आले, म्हणजे धुण्या-पुसण्याची गरज संपली, असे समजणे ही जुन्याच फसगतीची नवी आवृत्ती ठरेल.

जमिनीतील प्रश्न मुरण्याचा आहे. आतील भागात जांभा पाणी मुरवून ठेवतो, किनाऱ्यावरील वाळूत पाण्याची पातळी वरच असते आणि खाडीलगत ते पाणी खारट असते. क्षारांचे आयन जलवृक्षांना पोषक ठरतात. यास्तव या किनाऱ्यावर पुरावयाच्या वाहिनीची निवड करताना तिची किंमत व दाबक्षमता यांबरोबरच पाणी अडविणाऱ्या फिती, विशेष पॉलिथिन व बाहेरील आवरणाची पारगम्यता यांची चौकशी होणे आवश्यक आहे. त्याहूनही मोठा धोका कारखान्यात नसून कामाच्या जागी असतो. पुरण्यासाठी आणलेल्या रिळावरील वाहिनीचे कापलेले टोक टोपी न घालता पावसात राहिले तर पाणी तारांच्या पिळातून, दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे, कित्येक मीटर आत जाते. आणि ते बाहेरून कधीच दिसत नाही. भर पावसात दिलेला जोड, मातीच्या हाताने हाताळलेला अर्धवाहक थर, घाईत आवळलेली टोपी, यांचा हिशेब सात-आठ वर्षांनी पुढे येतो. तोपर्यंत काम करणारा, काम करविणारा व पैसे देणारा, सर्वजण बदललेले असतात.

परीक्षेच्या बाबतीतही हाच इतिहास उपयोगी पडतो. नेहमीच्या मेगरने मोजलेला रोध उत्तम असला तरी वाहिनीत जलवृक्ष नाहीत असे ठरत नाही. मेगर झिरपलेले पाणी ओळखतो, मुरलेले ओळखत नाही. कागदी वाहिन्यांसाठी योग्य असलेली एकदिश उच्च दाबाची परीक्षा जुन्या पॉलिथिन वाहिन्यांना उलट अपायकारक होते, असे पुढे दिसून आले. म्हणून आता अत्यल्प आवर्तनांच्या दाबाने परीक्षा घेतात आणि आवरणात किती ऊर्जा वाया जाते हे मोजतात. तापलेल्या तेलात कागदाची पट्टी सोडणाऱ्या कारागिराचा जो हेतू तोच या यंत्रांचा आहे : अबोल ओलीला बोलते करणे.

६. समारोप

निरोधनाच्या इतिहासात प्रत्येक नवा पदार्थ मागच्याहून खरोखरच श्रेष्ठ होता. गटापर्चा डांबराच्या दोराहून, शिशात बंद केलेला कागद गटापर्च्याहून आणि पॉलिथिन कागदाहून अधिक दाब सहन करू शकला. चूक पदार्थांत नव्हती. ती एका प्रश्नाचे उत्तर मिळताच इतर प्रश्नही सुटले असे मानण्यात होती. झिरपणे थांबले म्हणून सादळणे थांबले नाही, आणि सादळणे थांबले म्हणून मुरणे थांबले नाही. ज्या भाषेत या चार क्रियांना चार शब्द आहेत त्या भाषेतील विद्यार्थ्याला हा भेद परक्या परिभाषेवाचून समजू शकतो. तो ‘जलरोधक’ या एका शब्दात बुडवून टाकणे म्हणजे हाती असलेले साधन टाकून देणे होय.

मालवणच्या किनाऱ्यावर तारा जमिनीत जाणे योग्यच आहे. वादळांचा अनुभव तेच सांगतो. परंतु वादळाने केलेली हानी एका रात्रीत दिसते, तिचे पंचनामे होतात आणि दुरुस्तीला माणसे धावून येतात. ओलीने केलेल्या हानीचा पंचनामा होत नाही. ती ज्या दिवशी दिसते त्याच्या कितीतरी आधी घडून गेलेली असते. म्हणून वाहिनी पुरली गेली त्या दिवसाची नोंद ठेवणे अगत्याचे आहे : कोणत्या ऋतूत पुरली, टोके बंद होती काय, जोड कोठे व कोणत्या हवेत दिले गेले, जमिनीतील पाणी गोडे की खारे. ही चार वाक्यांची नोंद लिहिण्यास फारसा खर्च येत नाही. दहा वर्षांनी एखाद्या वाडीतील दिवे अवेळी गेले असता पाणी कोठे मुरले, हे शोधणाऱ्याच्या हाती तेवढाच आधार असेल.